गायरान माळाची जैवविविधता नोंदवही आम्ही कशी केली

गावाला गायरान आहे, त्यावर काळविटांचा कळप दिसतो, पावसाळ्यात बायका तिथून रानभाज्या आणतात, आणि तरी कुणी विचारलं तर ‘तिथं काय, नुसता माळ’ असंच उत्तर येतं. मराठवाड्यातल्या बऱ्याच गावांची ही गत आहे. बालाघाटाच्या पठारावरच्या आमच्या गावानं मे २०२३ मध्ये लोक जैवविविधता नोंदवहीचं, म्हणजे गावातली झाडं, प्राणी, पिकांचे वाण आणि लोकांना त्यांची असलेली माहिती लिहून ठेवायच्या वहीचं, काम नव्यानं हाती घेतलं. मे २०२५ च्या ग्रामसभेत ती वाचून दाखवून मंजूर झाली. एवढा वेळ लागतो हे ऐकून दचकू नका. त्यातला बराचसा काळ ऋतू यायची वाट बघण्यात जातो आणि तो वाया जात नाही. ज्यांना आपल्या गावात हे करायचंय त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहितोय. गावाचं नाव मात्र मुद्दाम लिहिलेलं नाही. त्याचं कारण पुढं येईल.

आधी कायद्याचं थोडक्यात. जैविक विविधता कायदा २००२ चा. त्याच्या कलम ४१ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि समितीनं गावातल्या लोकांना विचारून नोंदवही करायची. राज्यात हे काम नागपूरचं महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ बघतं. कागदोपत्री तुमच्या गावातही समिती असण्याची दाट शक्यता आहे. राष्ट्रीय हरित लवादानं यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती आणि ती चुकवणाऱ्या राज्याला महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं होतं. मग व्हायचं तेच झालं. समित्या धडाधड नेमल्या गेल्या, नोंदवह्या घाऊक छापल्या गेल्या.

म्हणून पहिलं काम हे की जुनी नोंदवही मागा. तोंडी मागून मिळाली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आमची नोंदवही पंचायतीच्या कपाटात निघाली. बाहेरच्या कुणीतरी करून दिलेली, छान रंगीत. आमच्या कोरड्या पठारावर तिच्यात सुपारी होती, आणि माळावरच्या एकाही गवताचं नाव नव्हतं. समितीच्या यादीत ज्यांचं नाव होतं त्या मावशींना आपण सदस्य आहोत हे यादी वाचून दाखवल्यावर कळलं. अशी नोंदवही हाती आली तर भांडत बसू नका. ‘अद्ययावत करणे’ हा विषय ग्रामसभेत घ्या. नवी करायची म्हटलं की ‘एकदा झालीय की’ हे उत्तर येतं, अद्ययावत करायला कुणी नाही म्हणत नाही.

ठरलेल्या ग्रामसभा चार: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. आम्ही १ मेची धरली. कोरमला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यात जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. कोरम भरला नाही की सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरमची अट नसते. ही पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे. या विषयाला ती वापरू नका. पुढं गायरानावरून हरकत निघाली की पहिला प्रश्न येतो तो ‘सभेला होतं कोण’ हाच. ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिथं विषय आधी मांडला तर निम्मं काम होतं. कुंजीर, तांदुळजा, घोळ, करटुली, कुठली भाजी कुठल्या बांधावर आणि कुठल्या माळावर, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि त्या सभेला आल्या की कोरमची काळजी मिटते.

समितीत आम्ही अध्यक्ष धरून सातजण घेतले. एक तृतीयांश महिला आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य ही अट पाळावी लागते. सदस्य गावचा रहिवासी हवा आणि मतदार यादीत त्याचं नाव हवं. शाळेतले गुरुजी कितीही कामाचे असले तरी त्यांचं मत दुसऱ्या गावात असतं, त्यांना निमंत्रित म्हणून घ्या. अध्यक्ष सदस्यांमधूनच निवडायचा, त्या बैठकीला सरपंच बसतात. सचिव म्हणून ग्रामसेवक. सातांत एक मेंढपाळ, एक झाडपाल्याचं औषध देणारे, एक रानभाज्या गोळा करणारी बाई आणि एक चांगला फोन असलेलं पोरगं एवढे असले की बाकी नावं कुणाचीही चालतात. ठरावात सूचक-अनुमोदकाची नावं, खर्च कुठल्या शीर्षातून करायचा ते, आणि बँकेत स्थानिक जैवविविधता निधीचं खातं काढायला मान्यता, हे तिन्ही त्याच दिवशी लिहून घ्या.

खात्याचं प्रकरण सगळ्यात चिवट. समितीच्या नावानं खातं काढायचं म्हटल्यावर बँकेतल्या बाईंनी संस्था नोंदणी प्रमाणपत्र मागितलं. ते नसतंच, कारण समिती कायद्यानंच बनलेली आहे. कलम ४३ मध्ये या निधीची तरतूद आहे, त्या पानाची झेरॉक्स, ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल, अध्यक्ष आणि सचिवांची केवायसी, असा गठ्ठा द्यावा लागला. मग तो वरच्या कार्यालयात गेला आणि तिथंच पडून राहिला. जिथं ग्रामपंचायतीचं खातं आधीच आहे त्याच शाखेत जा. ओळखीचा शिक्का बघून कागद जरा लवकर हलतात. आमचं खातं निघेपर्यंत पोळा झाला होता. तोवरचा खर्च पावत्या ठेवून खिशातून केला.

महसुली कागद मे महिन्यातच गोळा करून ठेवा, पेरण्या सुरू झाल्या की तलाठी सापडत नाहीत. गायरानाचा डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन पंधरा रुपयांत निघतो. गावनकाशा भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून घ्यावा लागतो. त्याशिवाय गाव नमुना १-ई बघून घ्या. ती अतिक्रमणांची नोंदवही.

गायरान म्हटलं की मराठवाड्यात अतिक्रमणाचा विषय येतोच, आणि तो टाळून हे काम होत नाही. भूमिहीन कुटुंबं, त्यांत बहुतेक दलित आणि भटक्या समाजातली, वर्षानुवर्षं गायरानाचे तुकडे कसून खातात. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचं सरकारनं ठरवलं होतं, तरी बऱ्याच जणांचे कागद अजून लोंबकळलेले आहेत. जगपालसिंग खटल्यात जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्यावरून १२ जुलै २०११ चा शासन निर्णय निघाला, आणि गायरान दुसऱ्याला द्यायला चाप बसला. त्यामुळं टेप आणि वही घेऊन कुणी माळावर उभं राहिलं की आता आपल्याला उठवणार ही भीती लगेच पसरते. ती खोटी म्हणता येत नाही.

आम्ही ठरावात एक ओळ घातली: ‘या नोंदवहीच्या आधारे कोणाचाही कब्जा काढण्याची मागणी समिती करणार नाही.’ नकाशावर कसलेली जमीन वेगळी दाखवली, गवताचा माळ वेगळा. आणि सुरुवात त्याच कुटुंबांच्या घरापासून केली, कारण हुलगा, मटकी, बाजरी, जवस यांचं घरचं बियाणं त्यांच्याचकडं निघालं. नोंदवहीत पिकांच्या वाणांचाही नमुना असतो. आपल्या मडक्यातल्या बियाण्याला सरकारी वहीत जागा मिळतेय हे कळल्यावर बोलणं मोकळं झालं. माळ वाचवायचा आणि कसणाऱ्याला उठवायचं असा हिशेब ज्यांना मांडायचाय त्यांनी हे काम हातात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदवहीचे नमुने एकतीस आहेत. घाबरायचं कारण नाही, सगळे प्रत्येक गावाला लागू होत नाहीत. शेतीची पिकं, फळझाडं, चाऱ्याची पिकं, तण, किडी, जनावरांचे बाजार, जमिनीचे प्रकार, पाणवठे, रानातली झाडं-झुडपं-वेली-कंद-गवतं, औषधी वनस्पती, पिकांचे रानातले भाऊबंद, वन्यप्राणी. बहुतेक नमुन्यांत रकाने सारखेच आहेत: स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुठं आढळते, पूर्वीची स्थिती, सध्याची स्थिती, उपयोग, कुठला भाग वापरतात, माहिती देणारा.

यातले ‘पूर्वीची स्थिती’ आणि ‘सध्याची स्थिती’ हे दोन रकाने म्हणजे सगळ्या वहीचा जीव. धोक्यात काय आहे ते तिथंच कळतं. नुसतं ‘पूर्वी किती होतं’ विचारलं तर प्रत्येक जण ‘लई होतं’ म्हणतो. त्याचा उपयोग नाही. आपल्याकडं काळाच्या दोन पक्क्या खुणा आहेत, बहात्तरचा दुष्काळ आणि त्र्याण्णवचा किल्लारीचा भूकंप. ‘दुष्काळात खाल्लं होतं का?’ ‘भूकंपाच्या साली दिसायचं का?’ असं विचारलं की उत्तर नेमकं येतं. माळढोक आमच्याकडं असाच नोंदला गेला. म्हाताऱ्या माणसांना तो दुष्काळाआधीचा ठळक आठवतो, भूकंपानंतरचा एकालाही नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ चं, आणि आमच्या जिल्ह्यांना लागूनच. तिथंही पक्षी दिसेनासा होत गेला. मादी साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, त्यामुळं एकदा माळ फुटला की त्याचं पुन्हा जमणं अवघड. अशा प्राण्याची नोंद ‘सध्या नाही’ म्हणून का होईना कराच. आपला माळ कुठल्या प्रकारचा होता ते तीच नोंद सांगते.

जूनमध्ये प्रत्यक्ष माळावर काम सुरू केलं. पद्धत साधी ठेवली. सुतळी आणि चार खुंट्या घेऊन गवतासाठी एक मीटर बाय एक मीटरची चौकट, झुडपांसाठी दहा बाय दहाची. माथा, उतार, लवण आणि ओढ्याचा काठ अशा चारही ठिकाणी चौकटी हव्यात. नाहीतर जिथं चालायला सोपं तिथलीच नोंद होते. चौकटींच्या जागा कायम ठेवा, दगडावर रंगाची खूण करा, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच जागी मोजता येतं.

पहिल्याच आठवड्यात एका मेंढपाळ आबांनी गाठलं.

“काय लिहायलात?”

“गवताची नावं, आबा.”

“गवताची? माळ इकायचा हाय का काय?”

त्यांना वही दाखवली, वाचून दाखवली. मग त्यांनीच शेडा, पवना, मारवेल, डोंगरी, कुसळी एकेक उपटून हातात दिलं आणि कुठलं मेंढी आधी खाते, कुठलं मागं ठेवते तेही सांगितलं. त्यांचा क्रम शास्त्राशी जुळतो. शेडा आणि मारवेल भरपूर असेल तर माळ धडधाकट. चराई वाढली की ही गवतं मागं हटतात आणि कुसळी पुढं येते. त्याहून माळ खचला की नुसती बारीक कुसळांची निकृष्ट गवतं उरतात, ज्यांना जनावर तोंड लावत नाही. चौकटीत कुठलं गवत किती टक्के, एवढं जरी दर वर्षी लिहिलं तरी माळाची तब्येत कळते.

गवत मात्र जूनमध्ये ओळखू येत नाही. तुरा यावा लागतो, म्हणजे भाद्रपद-आश्विन. फोटो काढताना तुरा, पान आणि जिथं पान खोडाला मिळतं तिथली बारीक पडद्यासारखी जीभ, हे तीन भाग जवळून घ्या. ती जीभ फोटोत नसेल तर विद्यापीठातल्या जाणकारालाही नाव सांगता येत नाही. इतर वनस्पतींसाठी अख्खं झाड, पानाची दोन्ही बाजू, फूल समोरून आणि कडेनं, फळ, आणि मापासाठी शेजारी पट्टी. दुर्मीळ झाड उपटून नमुना करायचा नाही. फोटोवर भागत नसेल तर एखादं पान, एखादं फूल पुरतं. ओळख पटवायला छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे, पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. पत्र सभ्य असलं आणि फोटो नीट असले की लोक मदत करतात. उशीर होतो, एवढंच.

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. मघा कोरडी गेली तर माळावर काय होतं ते नोंदवही करताना कळलं. खरपुडीचं उदाहरण देतो, कारण तिच्यासाठीच ही खटपट जास्त होती. ही कंदीलपुष्पाच्या वर्गातली, शास्त्रीय नाव सेरोपेजिया बल्बोसा, रुईच्या कुळातली. जमिनीत चपटा गोल कंद, त्यातून पावसाळ्यात बारीक वेल निघतो. पानं समोरासमोर, जरा मांसल. हा वेल बोराटीच्या जाळीत शिरून वर चढलेला दिसतो. उघड्यावर उगवलेला शेळीच्या तोंडून सुटत नाही. फूल इंचाच्या आतबाहेर: खाली फुगीर भांडं, वर बारीक नळी, आणि टोकाला पाच पाकळ्या शेंड्याशी एकमेकींना चिकटून झालेला पिंजरा. नळीच्या आत खाली वळलेली लव असते. वासानं आलेलं चिलट आत उतरतं, लव त्याला बाहेर येऊ देत नाही. फूल कोमेजायला लागलं की लव सैल पडते आणि चिलट पराग अंगावर घेऊन सुटतं. शेंगा जोडीनं येतात आणि बी रुईच्या म्हातारीसारखं उडतं.

तिच्या नोंदीत सगळ्यात जास्त घोळ पानांचा होतो. एकाच जातीत कुठं पानं गोल, कुठं लांबट, कुठं अगदी दोऱ्यासारखी. पानावरून नोंद केली तर एकाच्या तीन जाती होतात, आणि एखादी खरंच वेगळी जात असली तर ती निसटते. म्हणून फूल दिसल्याशिवाय शास्त्रीय नावाचा रकाना भरायचा नाही असं ठरवलं. त्या साली ऑगस्टमध्ये वेल आले आणि फूल न येताच वाळले. सप्टेंबरात पाऊस झाल्यावर थोडी फुलं ओढ्याकाठच्या जाळ्यांत दिसली, तीही शेंगेपर्यंत पोचली नाहीत. हा कंद गुराखी, मेंढपाळ कच्चा खातात, पाणीदार लागतो. खाण्यामुळं तो संपला असं म्हणणं मला पटत नाही. जिथं ट्रॅक्टर फिरला किंवा चर खणले गेले तिथून तो गेलाय आणि जिथं माणसं पिढ्यान् पिढ्या खातायत तिथं अजून आहे. खणताना बीवाले वेल सोडायचे, शेंग फुटल्याशिवाय खणायचं नाही, एवढा नियम समितीनं सुचवला आणि तो लोकांनीच आधीपासून पाळलेला निघाला. कळलावीचं वेगळं. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं, औषधाला मागणी असते, त्यामुळं बाहेरून येऊन पोतीच्या पोती खणून नेणारे असतात. त्यांच्यासाठी समितीकडं कायद्याचं हत्यार आहे, त्याचं शेवटी सांगतो.

प्राण्यांच्या नोंदीला हिवाळा बरा. गवत वाळून बसतं, लांबवर दिसतं. काळवीट सकाळी मोजा, मोजताना नर, मादी, पाडस वेगळे लिहा. गवतात एकटं बसलेलं पाडस उचलायचं नाही, आई जवळच चरत असते. संध्याकाळी गवतात उतरणाऱ्या भोवत्या, म्हणजे हिवाळी पाहुणे शिकारी पक्षी, मोजायच्या तर सूर्यास्ताच्या आधी जाऊन एका जागी बसावं लागतं. नोव्हेंबर ते मार्च त्या इथं मुक्कामाला असतात, उंच गवतात जमिनीवर रात्र काढतात आणि दिवसभर नाकतोडे खातात. धाविक, पखुर्डी, चंडोल हे पक्षी बारा महिन्यांचे. यांची घरटी म्हणजे जमिनीवरचा उथळ खळगा. उन्हाळ्यात पाय बघून टाका.

लांडग्याची नोंद ठशावरून करू नका. गावच्या कुत्र्याचा ठसा आणि त्याचा ठसा नवख्याला वेगळा ओळखता येत नाही. प्रत्यक्ष पाहिलेला, फोटो असलेला, किंवा मेंढी मारल्याचा पंचनामा झालेला, एवढंच धरलं. हिवाळ्यात त्यांची पिल्लं असतात. बिळाची जागा नोंदवहीत लिहिलेली नाही, तोंडानंही कुणाला सांगायची नाही असं ठरलं. याच कारणानं गावाचं नाव इथं नाही. खवल्या मांजराच्या बाबतीत तर तालुकाही लिहू नये. फोनवर फोटो काढताना लोकेशन बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर साध्या फोटोतून लोकेशन जात नाही, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जातं. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकायचा तर जागा धूसर करण्याचा पर्याय निवडा.

माहिती देणाऱ्याच्या नावाचा रकाना जपून भरा. माळावरच्या प्राण्यांबद्दल सगळ्यात खोल माहिती पारधी समाजातल्या म्हाताऱ्या माणसांकडं मिळते, आणि तितर-ससे धरायची जुनी सवय सांगितली म्हणून उद्या वनखात्याचा गुन्हा त्यांच्याच माथी बसू शकतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा जाच भोगलेला हा समाज. सरकारी वहीत नाव म्हटलं की त्यांना नकोसं होतं ते उगीच नाही. प्राण्यांच्या नमुन्यात आम्ही सगळीकडं ‘सामूहिक माहिती’ लिहिलं. झाडपाल्याच्या औषधांचं उलट आहे. तिथं नाव असलेलं बरं, कारण त्या ज्ञानावर उद्या कुणी धंदा केला तर हक्क सांगता येतो. मात्र कृती आणि प्रमाण वहीत लिहायची सक्ती नाही, ते गोपनीय ठेवता येतं.

मेंढी मारली गेली तर भरपाई मिळते हे मेंढपाळांना सांगणं हाही कामाचाच भाग होता. भरपाई न मिळालेला माणूस उरलेल्या मढ्यात विष घालतो आणि मग लांडगा, तरस, कोल्हा, घार सगळेच मरतात. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मेंढी-शेळीला बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यात जे कमी ते. मढं जागेवरून हलवायचं नाही, ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवायचं, तो सापडला नाही तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. फिरत्या मेंढपाळांचं आधार आणि बँक पासबुक दुसऱ्या तालुक्यातलं असतं, तिथं कागद अडतो. पंचनाम्यावर त्यांचा कायमचा पत्ता पहिल्याच दिवशी लिहून घ्या.

मार्च २०२४ च्या मध्यावर लोकसभेची आचारसंहिता लागली आणि मे महिन्यात वाचायचा मसुदा तसाच राहिला. त्याचा एक फायदा झाला, दुसरा पावसाळा हाती आला. त्या वर्षी पाऊस चांगला होता, सप्टेंबरच्या सुरुवातीला तर झोडपून काढलं. खरपुडीला फुलं आणि शेंगा दोन्ही मिळाल्या. एकाच पावसाळ्यात नोंदवही उरकायची घाई करू नये, ती यासाठी. कोरड्या सालात जे दिसत नाही ते गेलंय असं नसतं.

त्याच जूनमध्ये माळावर रोहयोतून (रोजगार हमी योजनेतून) वृक्षलागवडीचं अंदाजपत्रक तयार असल्याचं कळलं. खड्डे, गिरिपुष्प आणि करंज. हेतू चांगला, जागा चुकीची. आमच्या माळावर मुरमाच्या वर माती वीतभर. तिथं खड्डा घेतला की मुरूम वर येतो, त्यावर पहिलं गाजरगवत उगवतं. झाड जगलं तर आणखी पंचाईत: काळवीट नजरेवर आणि पळण्यावर जगतं, त्याला मोकळं रान लागतं, आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना झाडावर टपून बसलेला कावळा पुरतो. गवताच्या चौकटींचे आकडे, फोटो आणि कच्ची नोंदवही जोडून समितीनं ग्रामपंचायतीला आणि गटविकास अधिकाऱ्यांना पत्र दिलं, आचारसंहिता उठल्यावर विशेष ग्रामसभा घेतली. लागवड रद्द करा असं कुठंही लिहिलं नाही, पर्यायी जागा दिल्या: रस्त्याची कड, शाळा, ओढ्याचा काठ, आणि प्रजाती बदलून हिवर, बोर, बाभूळ. ते मान्य झालं. मजुरांचं काम बुडणार नाही हे दाखवलं नसतं तर गावच आमच्या विरोधात गेलं असतं.

पक्की प्रत करायला दिवाळी उजाडली, त्यात विधानसभेची आचारसंहिता. जानेवारी २०२५ मध्ये वही पंचायत समितीमार्फत जिल्ह्याच्या तांत्रिक गटाकडं तपासणीला गेली. महिनाभरात काही येत नाही, पाठपुरावा करावा लागतो. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टपाल देऊन परत यायचं नाही. शेरे आले ते बहुतेक रास्त होते. शास्त्रीय नावांची स्पेलिंगं, फोटोखाली तारीख नाही, दोन गवतांची ओळख शंकास्पद. एक शेरा मात्र दुर्मीळ जातींचे अक्षांश-रेखांश द्या असा होता. ते आम्ही मूळ वहीत न घालता गोपनीय परिशिष्ट म्हणून बंद पाकिटात दिले, आणि ते चाललं. शंकास्पद गवतांपुढं फक्त स्थानिक नाव ठेवलं. चुकीच्या शास्त्रीय नावापेक्षा रिकामा रकाना बरा.

१ मे २०२५ च्या ग्रामसभेत वही वाचली. सगळी नाही, गायरानाचा भाग आणि पूर्वी-आताचे रकाने. तीन प्रती केल्या, एक पंचायतीत, एक पंचायत समितीला, एक मंडळाला. रंगीत छपाई, बांधणी, झेरॉक्स, सातबारे, नकाशा, गाडीचं पेट्रोल आणि चहा धरून खर्च अकरा-बारा हजारांच्या घरात गेला. सगळ्यात महाग रंगीत पानं पडतात. फोटो फक्त दुर्मीळ जातींचे रंगीत घ्या, बाकी पेनड्राइव्हवर द्या.

आता हत्याराचं. कलम ४१ प्रमाणे गावाच्या हद्दीतून व्यापारासाठी जैविक साधनं नेणाऱ्याकडून समितीला संकलन शुल्क घेता येतं. स्थानिक माणसाच्या घरच्या वापराला आणि वैदूंना आम्ही ते लावलेलं नाही. तरवडाची साल, कळलावीचे कंद, रानातली सीताफळं नेणाऱ्या बाहेरच्या माणसाला लावलं. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून गर काढणाऱ्यांच्या गाड्या डोंगरात वाढल्यात, त्यामुळं हा मुद्दा पुढं मोठा होणार. शुल्काचे दर ग्रामसभेत ठरवून फलकावर लावा, पावतीपुस्तक छापून घ्या. पावती फाडली की कंद खणणारे निम्मे जण तिथूनच परत फिरतात. कलम ३७ खाली माळाला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून सुचवावं असं काही जणांचं म्हणणं आहे. कसणाऱ्या कुटुंबांचे कागद मार्गी लागल्याशिवाय तो प्रस्ताव पाठवायचा नाही असं समितीत ठरलंय.

पुढच्या वर्षाचा रोहयोचा आराखडा १५ ऑगस्ट ते २ ऑक्टोबरच्या सभांमध्ये येतो. म्हणून चौकटींचं मोजमाप त्याआधी उरकून, नोंदवहीचं गायरानाचं पान झेरॉक्स करून आराखड्याच्या फाइलला लावून ठेवा. एकदा काम मंजूर यादीत चढलं की ते काढायला त्याच्या दुप्पट कागद लागतात.